तो पिवळा डाग तुम्ही मला फेकू दिला नाहीत, ताई

ताई,

मेसेजमध्ये थँक्यू लिहून मोकळी झाले असते, पण ते फारच तोकडं वाटलं, आणि मिक्स्ड मीडिया (एकाच चित्रात रंग, कागद, वस्तू असं सगळं वापरणं) करणाऱ्या बाकीच्यांनाही कळू दे तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही माझं काम पहिल्यांदा बघितलंत तेव्हा त्यात झाडाची साल होती, वाळकी पानं होती, सुतळी, जुन्या नकाशाचे तुकडे, वरून अ‍ॅक्रिलिकचे फटकारे, आणि विषय काय तर निसर्गात सगळं एकमेकांशी जोडलेलं असतं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "सगळे शेजारी शेजारी बसलेत गं, पण कुणाचं कुणाशी बोलणं नाहीये." खरं सांगते, तेव्हा राग आला होता, रात्री झोप नाही लागली कारण तुमचं बरोबर होतं.

मग तुम्ही सायनोटाइप, म्हणजे उन्हाने कागदावर निळे ठसे उमटवायची पद्धत, शिकवलंत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइडची द्रावणं मिसळायची, अंधुक उजेडात कागदावर पसरवायची, वाळलं की वर उपटलेलं रोप मुळांसकट ठेवायचं, काच दाबायची आणि उन्हात न्यायचं, नंतर नुसतं पाण्याने धुवायचं. ऊन लागलं तिथे निळं, सावली पडली तिथे पांढरं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली पद्धत आणि १८४३ पासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स याच पद्धतीने समुद्रातल्या शेवाळाचे ठसे छापत होती, हे तुमच्याकडूनच कळलं. पहिल्या ठशात मुळांचे केसासारखे धागे उमटलेले बघून मी किती वेळ गप्प बसले होते ते तुम्हाला आठवत असेल.

आणि मग तो घोळ. जाळीदार पानं हवी होती म्हणून मी पिंपळाची पानं धुण्याच्या सोड्यात उकळली, मऊ झालेला गर ब्रशने काढला, शिरांची जाळी सुंदर निघाली, ती घाईघाईत ओलसर असतानाच गोंदाने निळ्या ठशावर चिकटवली. सकाळी बघते तर प्रत्येक पानाभोवती निळा रंग उडून पिवळट कडं आलेलं. तीन आठवड्यांचं काम! मी फाडायलाच निघाले होते आणि फोनवर तुम्ही "थांब, मी येते" म्हणालात.

तुम्ही आलात, चष्मा वर करून अगदी जवळून बघितलंत. पानात सोडा राहिला होता, नीट धुतला गेला नव्हता, आणि सायनोटाइपचा निळा म्हणजे प्रशियन ब्लू, लोहाचा रंग, सोड्यासारखी अल्कली लागली की तो मोडतो आणि मागे गंजासारखं पिवळं उरतं, हे तुम्ही समजावलंत. आणि मग म्हणालात, "बघ, इथे पहिल्यांदा कुणीतरी कुणाला काहीतरी केलंय."

ताई, त्या एका वाक्याने माझं अख्खं काम फिरलं. आपण दोघींनी सोड्याचं अगदी पातळ पाणी केलं, तुमचा तो शून्य नंबरचा ब्रश घेतला आणि एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत बारीक रेघा ओढल्या, हळूहळू निळ्यातून पिवळट धागे वर आले. एकदा हात जड झाला तर अख्खा कोपरा गेला, तोही तसाच ठेवला. मग भरपूर पाण्याने धुतलं. उरलेली पानं मात्र आधी व्हिनेगर टाकलेल्या पाण्यातून काढली. (हे कुणी करणार असाल तर ती पायरी चुकवू नका.)

त्या रेघा म्हणजे बुरशीचे तंतू. मुळं आणि बुरशीच्या या भागीदारीला अल्बर्ट बर्नहार्ड फ्रांकने १८८५ मध्ये मायकोरायझा हे नाव दिलं. बुरशी पाणी आणि फॉस्फरस आणून देते, झाड तिला साखर देतं. मी लगेच "झाडं एकमेकांशी गप्पा मारतात" असं शीर्षक सुचवलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, शांतपणे सांगितलंत की जंगलात या जाळ्यातून नेमकं किती काय जातं यावर अजून वाद आहेत, जेवढं माहितीये तेवढंच सांग, तेवढंही भरपूर आहे. शीर्षक बदललं. आता फक्त "देवाणघेवाण".

शेवटी मागे मलमल चिकटवून दोऱ्याने टाके घातले, कागद फाटू नये म्हणून भोकं सुईने आधी पाडून घ्यायची ही पण तुमचीच युक्ती. एक दोरा ओढला की लांबचं पान हलतं. लोक समोरून बघतात, मला मागची बाजू जास्त आवडते, सगळ्या गाठी तिथे आहेत, त्यातल्या निम्म्या तुमच्या हातच्या, तुमची गाठ घट्ट आणि लहान असते त्यामुळे लगेच ओळखू येते.

तुम्ही त्या सकाळी आला नसतात तर हा कागद कचऱ्यात गेला असता. मनापासून आभार, ताई. ब्रश अजून माझ्याकडेच आहे, रविवारी परत द्यायला येते आणि चित्रही आणते.