द्यायला पुढे, घ्यायला मागे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपले आवाज चढतात आणि मूळ मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसले.

बाबा, गावातल्या संस्थेला देणगी द्यायला आणि विश्वस्त व्हायला तुम्ही एका दमात हो म्हणालात. तीच संस्था नेत्रशिबिरातून आईच्या मोतीबिंदूचं बघते म्हणाली, तर "आपल्यावर अजून तशी वेळ आलेली नाही." हे काही मला पटलं नाही. द्यायचं ते आपण, घ्यायचं ते दुसऱ्यांनी, अशी विभागणी कुणी केली? तुम्हीच घेतलं नाही, तर ज्यांना खरी गरज आहे ते लाजेने दारातूनच परत जातील. निवृत्त मास्तर घेतात म्हटल्यावर त्यांचाही संकोच सुटेल.

शिबिर म्हणजे शाळेच्या वर्गात ऑपरेशन, असं तुमच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. गावात फक्त तपासणी होते, शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या थिएटरमध्येच. शिवाय अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून स्वयंसेवी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियांसाठी अनुदान मिळतं. म्हणजे त्यात तुम्ही आयुष्यभर भरलेल्या कराचाही वाटा आहे! संस्थेची खरी गरज पुढेच लागते: न्यायला गाडी, सोबतीला माणूस, वेळेवर थेंब, फेरतपासणीची आठवण. मी इथे बसून यातलं काय करणार, सांगा.

जामखेडचं ग्रामीण आरोग्याचं काम तुम्हाला माहीत आहेच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे सुरुवात केली आणि गावोगावच्या बायकांनाच आरोग्य सेविका केलं. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या. ज्यांच्याकडे देण्यासारखं काही नाही असं गाव धरून चाललं होतं, त्याच बाळंतपणं आणि आजारपणं सांभाळू लागल्या. मग घेणारा कोण आणि देणारा कोण, हे तुम्ही ठरवा.

विश्वस्त जरूर व्हा, पण नुसतं फलकावरचं नाव होऊ नका. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, मागच्या वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब आणि सभांचं इतिवृत्त आधी मागा. तुमचं नाव लागलं की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, आयुक्तांकडे दाखल व्हायला हवा; तो होणार ना, हेही विचारा. त्यांना राग आला तर येऊ दे. आणि संस्थेची जागा विकायची भाषा निघाली, तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते हे तिथेच सांगा. देणगी चेकनेच द्या. करसवलतीचं मात्र मनात धरू नका, नव्या कररचनेत देणगीवरची वजावट मिळत नाही.

एक काम मात्र तुमच्याच हातून व्हावं असं वाटतं. राज्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडे अनामत रक्कम मागता येत नाही. गावात हे किती जणांना ठाऊक आहे? माणूस शहरात पोचतो, काउंटरवरचा आकडा ऐकतो आणि सावकार गाठतो. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आधीच जुळवून ठेवायचं, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं, अर्ज नीट लिहायचा. ब्लँकेटवाटपाचा फोटो छान येतो, याचा येत नाही, म्हणून हे कुणी करत नाही. तुमचं अक्षर आणि तुमचा हट्टीपणा इथे कामी येईल.

आई, तू तपासणीला जाशीलच, बाबांचं ऐकू नकोस. साखरेचा आणि रक्तदाबाचा ताजा रिपोर्ट बरोबर ने, रोजच्या गोळ्यांची पाकिटंही दाखव. तारीख ठरली की लगेच कळव, म्हणजे मला रजा टाकता येईल.

तुमची,
सुमी