दाण्याच्या वडीला मार्झिपॅन म्हणू नका

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नाताळच्या केकवर लावायच्या मार्झिपॅनची, म्हणजे वाटलेले बदाम आणि साखर यांच्या गोळ्याची, कृती आली आणि सोमवारी सकाळपासून माझा फोन वाजायला लागला. मी सांगलीतल्या एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर दर डिसेंबरात ओळखीच्या घरांतल्या केकसाठी मार्झिपॅनची फळं करून देतो, एवढाच माझा अधिकार. पहिला फोन विश्रामबागेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. "सर, बदामाचं तूप झालं की वो!" दुसरीचा गोळा पोळपाट सोडत नव्हता. तिसऱ्याचा प्रश्न मात्र वेगळाच होता. कृतीत 'बदाम महाग वाटल्यास शेंगदाणे घ्यावेत' असं छापलंय, तर ते भाजून घ्यायचे की कच्चे?

आधी तुपाचं बोलतो. बदामात जवळपास निम्मं तेल असतं. आपल्या कृतीत 'बदाम मिक्सरवर अगदी मऊ होईपर्यंत फिरवा, मग साखर घाला' असं आहे. असं केलं की भांडं तापतं, बदाम तेल सोडतो आणि मग साखर घालून काही उपयोग नाही. पाव किलो बदामांना पाव किलो पिठीसाखर घ्यावी आणि त्यातली निम्मी बदामांबरोबरच भांड्यात टाकावी. दोन-तीन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांड्याला हात लावून बघायचं. कोमट लागलं तर सरळ बाजूला ठेवून चहा प्यावा. तेल सुटलंच, तर चमचाभर गार गुलाबपाणी आणि थोडी पिठीसाखर घालून हलक्या हातानं मळलं की बरंचसं सावरतं.

पोळपाटाला चिकटणाऱ्या गोळ्याचं कारण साधं आहे. उकळत्या पाण्यातून काढून सोललेले बदाम ओलेच वाटले जातात. ते रात्रभर फडक्यावर, पंख्याखाली सुकायला हवेत. आपल्या कृतीत हे वाक्यच नाही. गोळा बांधायला कच्चं अंडं ज्यांच्या घरात चालत नाही (सांगलीत अशी घरं पुष्कळ) त्यांनी साखरेचा गोळीबंद पाक करून त्यात बदामाची पूड ढवळावी आणि गार झाल्यावर मळावी. बदाम वडी येणाऱ्या बाईला यात शिकवण्यासारखं काही नाही.

मला हे सगळं मिरजेत शिकायला मिळालं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलजवळ आम्ही भाड्यानं राहायचो. शेजारी तिथल्याच एक सिस्टर होत्या, आम्ही मुलं त्यांना मावशी म्हणायचो. डिसेंबरात त्यांच्या ओट्यावर मार्झिपॅनच्या, बोटाच्या पेराएवढ्या संत्र्यांची, आंब्यांची, केळ्यांची रांग लागायची. साचा नाहीच. संत्र्याची गोळी किसणीच्या बारीक बाजूवर हलकेच फिरवायची, की सालीवरचे खड्डे उमटतात. देठाच्या जागी लवंग उलटी खोचायची, फुलाचा भाग वर. माझी आई संक्रांतीला हलव्याचे दागिने करायची. त्या दोघी एकमेकींच्या कामाकडे तासन् तास बघत बसत, आणि मी दोघींकडे.

आता मी द्राक्षांचा घड करतो, कारण तासगाव हाकेच्या अंतरावर आहे आणि आमच्या केकमध्ये बेदाणाही तिथलाच पडतो. मुलं घड करायला बसली की गोट्यांसारखे गोल मणी वळतात. अरे, सोनाका जातीच्या द्राक्षाचा मणी लांबट असतो! गोळी तळहातावर फिरवून झाली की एका बोटानं दोनदा पुढं-मागं लोटायची, बस्स. हिरवा रंग आधी सगळ्या गोळ्यात मळायचा, तोही फिका. मणी रात्रभर उघड्यावर सुकू द्यायचे. मग दुसऱ्या दिवशी कोरड्या ब्रशनं एका बाजूला किंचित पिवळा पुसायचा, जिकडून ऊन लागतं तिकडून. ओल्यावर रंगवलं तर रंग पसरतो. हळद वापरून बघितली. रंग सुंदर आला, पण घड तोंडात टाकल्यावर आमची ही म्हणाली, "सर्दी झाल्यावर देऊ या."

रंगाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आपण छापलेल्या फोटोतली निळी फुलं मार्झिपॅनची दिसत नाहीत. एवढं पांढरंशुभ्र अस्तर फाँडंटचं असतं, म्हणजे निव्वळ साखरेचं. मार्झिपॅन मुळातच हस्तिदंती रंगाचं, त्यावर निळा हिरवट पडतो. शिवाय त्यावर रंगवलेला केक 'फ्रिजमध्ये ठेवावा' हेही चूक. बाहेर काढला की घाम सुटतो आणि सगळे रंग एकमेकांत उतरतात. घट्ट झाकणाचा डबा आणि घरातला गार कोपरा पुरतो.

इथवरच्या चुकांसाठी मी पत्र लिहिलं नसतं, फोनवरच निस्तरलं असतं. शेंगदाण्यासाठी लिहितो आहे. शेंगदाणा आणि साखर वाटून जे होतं त्याला आपल्याकडे दाण्याची वडी म्हणतात. मलाही ती आवडते, उपासाला हटकून खातो. पण तिला बदामाचा इसेन्स लावून मार्झिपॅन म्हणायचं, हे कुणी सांगितलं? आमच्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला शेंगदाणा खाल्ला की ओठ सुजतात. बदाम त्याला चालतो. माझ्या हातचं संत्रं तो बिनधास्त उचलतो, कारण मार्झिपॅन म्हणजे बदाम हे त्याला पाठ आहे. पाकीटबंद खाऊवर शेंगदाणा असल्याचा उल्लेख करावा लागतो. घरच्या बशीवर लेबल नसतं, तिथं नावावरच भरवसा.

आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. जर्मनीतल्या ल्युबेक गावच्या मार्झिपॅनलाही युरोपात तसंच संरक्षण आहे. तिकडे बदामाऐवजी जर्दाळूच्या बियांतला गर वाटला तर त्या पदार्थाला पर्सिपान असं वेगळं नाव आहे. गोव्याकडे काजूचं करतात, मीही कधी कधी करतो, पण देताना 'काजूचं आहे' असं तोंडानं सांगतो. आपल्या बाजारपेठेत कुणी भलतीकडची हळद सांगलीची म्हणून विकली, तर आपणच पहिल्या पानावर बातमी छापाल.

तेव्हा येत्या रविवारी, त्याच पानावर, दोन ओळींची दुरुस्ती छापावी ही विनंती : शेंगदाणे नकोत, आणि निम्मी साखर बदामांबरोबरच घालावी. बहुतेक घरांतले केक अजून सजायचे आहेत, २४ तारखेपर्यंत वेळ आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली