वर्गात काय शिकवतात, ते घरी कळावे

महोदय,

माझी नात देवगड तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. तिचे वडील ट्रॉलरवर मासेमारीला जातात आणि आई हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला, त्यामुळे दप्तर उघडून पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. शाळेचे सर्व निरोप मुलाच्या व्हॉट्सॲपवर येतात आणि तो समुद्रात असला की ते तसेच पडून राहतात. परिसर अभ्यासासाठी पाच प्रकारची पाने न्यायची होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. दारात आंबा, काजू, फणस, कोकम, सुरंगी असताना पोर रिकाम्या हाताने वर्गात बसली, याची खंत मला अजून वाटते.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 24 नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींवर किती भार असतो, हे मी जाणते. म्हणून आणखी एखादे ॲप मागत नाही. दर सोमवारी फाटकाजवळच्या फळ्यावर त्या आठवड्याचे धडे, पाढे, उपक्रम आणि लागणारे साहित्य खडूने लिहावे आणि मुलांनी तेच वहीत उतरवून घरी आणावे. पालकसभाही मजुरीच्या वेळेत न ठेवता संध्याकाळी घ्यावी.

– एक आजी, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग