संग्रहालयांच्या विक्री दालनांविषयी सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

मी मुंबईतल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो आणि दरवर्षी आठवीच्या मुलांना संग्रहालय दाखवायला नेतो. मागच्या सहलीत एका विद्यार्थिनीने बाहेर पडताना विक्री दालनातून लेण्यातल्या शिल्पाची बोटभर उंचीची प्रतिकृती विकत घेतली. प्रतिकृती रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची होती, मागे लोहचुंबक डकवलेले, भोवती बबल रॅप, त्यावर प्लास्टिकचे पाकीट आणि हे सगळे एका कागदी पिशवीत. बस दादरला पोहोचण्याआधीच चुंबक निखळून पडले. दगडाची भुकटी मिसळलेले असे रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्या शिल्पाचा पुढचा मुक्काम कचराभूमीवरच असणार.

मला खटकते ते हे की, प्लास्टिकचा स्वभाव संग्रहालयाइतका क्वचितच कुणाला ठाऊक असेल. पीव्हीसी जुने होऊ लागले की त्यातून आम्लयुक्त वायू सुटतात, म्हणून जतन विभागातले लोक ते जुन्या वस्त्राच्या किंवा धातूच्या आसपासही ठेवत नाहीत आणि चित्रे आम्लविरहित कागदात गुंडाळतात. त्याच इमारतीच्या दाराशी मात्र पीव्हीसीच्या की-चेन टांगलेल्या असतात.

23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. विक्री दालनातली पिशवी त्यामुळे बदलली, पण त्या पिशवीत काय घालायचे हे अजूनही निविदाच ठरवते. जिथे सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि वस्तू कशाची, कुठे बनलेली, मोडल्यावर तिचे काय होणार हे कुणी विचारत नाही, तिथे साच्यातला माल जिंकतो आणि कारागीर आपोआप बाहेर पडतो. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आपल्या विभागाच्या अखत्यारीत आहे. म्हणून नागपूर, कोल्हापूर येथील शासकीय संग्रहालयांपासून ही अट बदलता येईल. मुंबईतली मोठी संग्रहालये विश्वस्त मंडळांकडे आहेत, त्यांना आपण आदेश देऊ शकत नसलात तरी शासनाने घालून दिलेला नमुना त्यांना टाळता येणे अवघड जाईल.

माल शोधायला फार लांब जावे लागणार नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईतल्या लोकांचे पेहराव आणि व्यवसाय मातीच्या लहान लहान प्रतिमांतून दाखवले आहेत, माझी मुले तिथून लवकर हलत नाहीत. धारावीचा कुंभारवाडा तिथून काही किलोमीटरवर आहे. पुण्याची हातकागद संस्था 1940 पासून सुती चिंध्यांचा कागद बनवत आली आहे. त्या कागदाची वही, पोस्टकार्ड किंवा वारली चित्राचा ठसा अशा वस्तू सहज होऊ शकतात, मात्र त्यांवर लॅमिनेशन नको, कारण प्लास्टिकचा थर चढलेला कागद रद्दीत घालण्याच्याही लायकीचा राहत नाही.

कापडी पिशवी हाही रामबाण उपाय नाही. कापूस पिकवायला पाणी लागते, तिच्यावरची जाड, रबरासारखी छपाई बहुधा पीव्हीसीचीच असते आणि प्रदर्शनाची तारीख छापलेली पिशवी प्रदर्शन संपल्यावर कुणी विकत घेत नाही. ‘विघटनशील’ असा शिक्का मारलेल्या पीएलए या वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकला सुमारे 60 अंश तापमानाचे औद्योगिक खत संयंत्र लागते, घरच्या कुंडीत ते तसेच पडून राहते. असे शिक्के पाहून अधिकाऱ्यांनी समाधान मानू नये, एवढीच विनंती.

किमतीचा मुद्दा मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून आलेल्या वस्तू बहुतेकदा काचेच्या कपाटात आठशे रुपयांना असतात, आणि सहलीला आलेल्या मुलाच्या खिशात पन्नासाची नोट असते. ते मूल प्लास्टिक घेते, कारण त्याला परवडेल असे दुसरे काहीच तिथे नसते. तेव्हा निविदेत वस्तूचा पदार्थ आणि तिच्या निर्मितीचे ठिकाण लेबलवर छापण्याची अट घालावी, राज्यातल्या कारागिरांकडून पन्नास-शंभर नगांची छोटी खरेदी करण्याची मुभा द्यावी आणि प्रत्येक दालनात पन्नास रुपयांच्या आतल्या काही वस्तू माती, लाकूड किंवा कागदाच्या असाव्यात असे बंधन ठेवावे. खर्च वाढला तर तो आठशेच्या कपाटावर टाकावा.

आपला नम्र,
एक चित्रकला शिक्षक,
परळ, मुंबई