‘तेल आवश्यकतेनुसार’ म्हणजे नेमके किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत वजन उतरवण्याचे सल्ले आणि डिंकाच्या लाडवांच्या कृती शेजारी शेजारी छापल्या जातात. अलीकडे त्यात दूध-दही-तूपही सोडून पूर्ण वनस्पतीजन्य, म्हणजे ‘व्हीगन’, आहाराची भर पडली आहे. जानेवारी महिना व्हीगन राहून काढायची, ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झालेली टूम आपल्याकडे नेमकी संक्रांतीच्या तोंडावर येते. शाकाहारी घरात मांस-मासे सोडण्याचा प्रश्न मुळातच नसतो. सुटते ते दूध, ताक, तूप, पनीर, आणि त्यांच्या जागी येतात दाणे, तीळ, खोबरे, काजू आणि तेल. महिनाअखेर वजनकाटा खाली उतरण्याऐवजी वर का सरकला, याचे बरेचसे उत्तर या अदलाबदलीत आहे.

तुपाच्या एका ग्रॅममध्ये नऊ उष्मांक, तेलाच्या एका ग्रॅममध्येही नऊच. तुपाची जागा तेलाने घेतली तर वजनाच्या हिशेबात काहीच बदलत नाही. दाणे आणि तीळ यांत १०० ग्रॅममागे साडेपाचशेहून जास्त उष्मांक असतात, म्हणजे येता-जाता तोंडात टाकलेली ३० ग्रॅमची मूठ सुमारे १७० ची. वाटीभर पातळ ताकात पन्नाससुद्धा उष्मांक नसतात. त्याऐवजी ३० ग्रॅम ओल्या खोबऱ्याच्या घट्ट दुधाची सोलकढी घेतली तर ऐंशी-शंभर होतात. गुळाचेही तेच. साखरेत १०० ग्रॅमला सुमारे ४००, तर गुळात ३८० च्या आसपास. खारी, नानकटाई ज्यात करतात ते वनस्पती तूपही शंभर टक्के वनस्पतीजन्यच असते, हे जाता जाता सांगितलेले बरे.

‘थंडीत शरीराला जास्त लागते’ हे वाक्य अर्धे खरे आहे. थंडीत कुडकुडणाऱ्या शरीराला जास्त इंधन लागते. स्वेटर घालून पंखा बंद केलेल्या खोलीत बसलेल्याला फारसे नाही. निफाडच्या शेतात पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि मुंबई-ठाण्यात तर हिवाळा नावापुरताच. वजन वाढते ते सकाळी उशिरा उठून चालणे बुडाल्याने, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईने, चहाच्या वाढलेल्या कपांनी आणि डब्यातल्या लाडवांनी. ४० ग्रॅमचा डिंकाचा लाडू तुपाचा असो की खोबरेल तेलाचा, २०० उष्मांकांच्या आसपासच असतो. बाळंतिणीसाठी बांधलेला लाडू दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने रोज दोन खाल्ले, तर दोष लाडवाला देऊ नये.

आता मुद्द्याचे. पुरवण्यांतल्या जवळजवळ प्रत्येक कृतीत ‘तेल आवश्यकतेनुसार’ असे छापलेले असते. आवश्यकता कोणाची? वजन आटोक्यात ठेवायचे असेल तर माणशी दिवसाला चार लहान चमचे, म्हणजे २० मिलिलिटर तेल पुरते. चौघांच्या घराला महिन्याला साधारण अडीच लिटर. हे मोजायला काटा लागत नाही. एक तारखेला पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहावी आणि पंधरवड्याला किती उरले ते पाहावे. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर संपत असेल, तर कोणते पीठ आणि कोणते दूध चांगले, ही चर्चा नंतर करावी.

भोगीच्या भाजीचेच उदाहरण घेऊ, कारण ती मुळातच व्हीगन आहे. चौघांसाठी पावटे, मटार, सोलाणे, गाजर, वांगी, घेवडा मिळून ८०० ग्रॅम भाजी धरा. सढळ हाताने अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी तीळ आणि अर्धी वाटी दाण्याचे कूट पडले, तर माणशी अडीचशेहून जास्त उष्मांक नुसत्या स्निग्ध पदार्थांचे होतात. तीच भाजी चार लहान चमचे तेल, दोन मोठे चमचे तीळ आणि दोन मोठे चमचे कुटात केली, तर माणशी शंभराच्या आत. चव कमी पडू नये म्हणून तीळ अख्खे फोडणीत न टाकता कोरडे भाजून कुटून शेवटी घालावेत; कुटलेल्या तिळाचा वास सगळ्या रसाला लागतो, अख्खा तीळ दाताखाली येईल तेवढाच लागतो. वांगे तेल पिते, म्हणून ते फोडणीत परतत बसू नये. आधी पावटे-सोलाणे थोड्या पाण्यात अर्धवट शिजवून घ्यावेत, मग वांगे घालावे. भाकरीवरच्या लोण्याच्या जागी तिळाची किंवा कारळाची कोरडी चटणी चालते, पण ती १५ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड मोठा चमचा. पुन्हा तेलात कालवायची नाही.

रायगडातली पोपटी या बाबतीत सगळ्यांत शहाणी. वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कांदे मीठ-ओवा लावून मडक्यात भरायचे, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचे आणि विस्तवात भाजायचे. कोंबडी-अंडी वगळली तर तेलाचा थेंबही नाही.

दूध सोडल्यावर दुसरी चूक होते ती प्रथिनांची. न्याहारीला पोहे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री खिचडी, असा दिवस गेला की पोट भरते, पण प्रथिने जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम होतात. मग दोन तासांत भूक लागते आणि हात दाण्यांच्या डब्याकडे जातो. धान्यावर भर असलेल्या आहारात वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम प्रथिने धरावीत. ६० किलोच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीचा दिवस असा बसतो (वजने कच्च्या जिनसांची): सकाळी ६० ग्रॅम भिजवलेल्या मुगाची धिरडी, १४ ग्रॅम प्रथिने. दुपारी ७५ ग्रॅम बाजरीच्या पिठाची दीड भाकरी आणि ४० ग्रॅम डाळीची आमटी, मिळून १७. चार वाजता ३० ग्रॅम फुटाणे, ६. रात्री ३० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांचा रस्सा आणि एक भाकरी, २० च्या वर. तिळाची चटणी, पालेभाजी, एक-दोन फळे आणि चार चमचे तेल धरून साधारण १४०० उष्मांक आणि ६० ग्रॅम प्रथिने होतात. उंच, कष्टाचे काम करणाऱ्या किंवा पुरुष वाचकांनी भाकरी आणि डाळ वाढवावी, तेल नव्हे. सोयाबीन नको असेल तर ६० ग्रॅम हरभरे, किंवा निम्म्या हरभऱ्यांबरोबर ३० ग्रॅम कुळथाचे पिठले. कुळथाचे पिठले पातळ आणि कढत असते, त्यामुळे थंडीच्या रात्री थोड्यातच समाधान होते.

बाजरी कडू लागते ही तक्रार बहुधा पिठाची असते, धान्याची नव्हे. बाजरीत स्निग्धांश इतर धान्यांपेक्षा जास्त असल्याने दळल्यावर पीठ लवकर खवट होते. आठवड्याला पुरेल एवढेच दळून आणावे.

मोड हे थंडीतले आणखी एक दुखणे. उन्हाळ्यात रात्रभरात मोड आलेली मटकी आता दीड दिवस घेते. कोमट पाण्यात आठ-दहा तास भिजवावी, पाणी पूर्ण निथळावे, ओल्या फडक्यात सैल बांधून झाकणाच्या डब्यात, गॅसच्या शेगडीजवळ ठेवावी. आंबूस वास आला तर पाणी निथळले नव्हते असे समजावे आणि ती टाकून द्यावी. मोड कच्चे खाण्याची हौस थंडीत टाळावी; कुकरमध्ये एक शिटी दिलेली उसळ पचायला सोपी आणि गरमही. भिजवलेले पाणी टाकून द्यावे, फोडणीत हिंग आणि आले असावे.

तरीही पहिल्या आठवड्यात पोट फुगते. एकदम तिप्पट कडधान्य सुरू केल्याचा तो परिणाम असतो. पहिले दहा दिवस दिवसाला एकच वाटी, मग दोन. शिवाय थंडीत तहान लागत नाही, आणि चोथा वाढवून पाणी कमी केले की बद्धकोष्ठ ठरलेले. प्रत्येक जेवणाआधी पेलाभर कोमट पाणी, जेवणात एक पातळ पदार्थ, एवढे पुरते. या दिवसांत काट्यावर किलोभर वर-खाली होते ते पाणी आणि चोथा यांचे, चरबीचे नव्हे. आठवड्यातून तीनदा, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करून सरासरी पाहावी. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरले तर गाडी रुळावर आहे. कंबरेचे मापही घ्यावे. आपल्या लोकांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात.

बदामाच्या दुधाची जाहिरात जोरात असते, पण त्यात बहुतांश पाणी. कपभरात प्रथिने एखादा ग्रॅम. दुधाच्या जवळ जाते ते सोयाबीनचे, तेही बिनसाखरेचे आणि कॅल्शियम घातलेले. खोके हलवून ओतावे, कारण कॅल्शियम तळाशी बसते. उकळत्या आल्याच्या चहात ते फाटते. गॅस बंद करून, आधी गरम केलेले दूध शेवटी घालावे. आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी. त्यात दुधाची भुकटी असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार वेगळे चिन्ह आहे.

या पत्रातले बाकी सगळे विसरले तरी ब-१२ विसरू नये. हे जीवनसत्त्व भाज्या, मोड, आंबवलेली पिठे यांतून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनात जे असते ते शरीराच्या उपयोगाचे नसते. दूध पिणाऱ्या शाकाहारींमध्येही त्याची कमतरता पुष्कळ आढळते, मग दूध सोडलेल्यांचे काय? हातापायांना मुंग्या, जीभ लाल होणे, थकवा, विसराळूपणा ही लक्षणे उशिरा दिसतात, कारण यकृतातला साठा बराच काळ पुरतो. म्हणून आहार बदलण्यापूर्वी रक्त तपासावे आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींनी तर नक्कीच, कारण त्या औषधानेही ब-१२ कमी होते.

आयोडीनचेही भान हवे. दूध हा त्याचा एक स्रोत होता. तो गेला आणि त्याच वेळी ‘नैसर्गिक’ म्हणून घरात सैंधव आले, तर दोन्हीकडून कात्री लागते. मीठ थोडे, पण आयोडीनयुक्त. लोहासाठी पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावे किंवा शेजारी आवळा असावा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तासभर थांबावे. जवस कुटूनच खावे, अख्खे तसेच बाहेर पडते. रोज एक मोठा चमचा, आणि कुटलेले फ्रिजमध्ये.

काहींनी हा प्रयोग स्वतःहून करूच नये: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भात-भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी, नाहीतर साखर एकदम उतरते. थायरॉइडची गोळी आणि सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवावे. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण अचानक वाढवू नये.

आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीतील पाककृतींखाली कच्च्या जिनसांची वजने, किती जणांसाठी, आणि तेलाचे चमचे छापावेत. जागा फार लागणार नाही. ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द काढला की तेवढी सुटेलच.

आपल्या,
आहारशास्त्राच्या दोन शिक्षिका, नाशिक