तळाचं पाणी

पणजी,
१४ ऑक्टोबर

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार. गणपतीत तुझ्या पडवीत बसलो होतो तेव्हा तू म्हणालास, "समुद्र एवढा अफाट, त्याला माणसाच्या गटाराने नि खताने काय होतंय?" तेवढ्यात आरतीला हाक आली आणि बोलणं तिथेच राहिलं. ते मनात डाचत होतं. काल बोटीवर जाऊन आलो, म्हणून आज लिहायला बसलोच.

आम्ही गेलो होतो कांदोळीच्या समोर, जिथून किनारा नुसती रेघ दिसते तिथे. खोली पंचवीस-तीस मीटर. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचे लोक वर्षानुवर्षं तिथलं पाणी तपासत आले आहेत. प्राणवायू मोजायची रीत जुनीच आहे. काचेच्या बाटलीत पाणी भरायचं, लगेच मँगनीजचं आणि आयोडाइडचं अशी दोन द्रावणं सोडायची, बूच लावून हलवायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. वरच्या पाण्याचा साका चहाच्या चोथ्यासारखा गडद आला. मधल्या खोलीचा फिकट. तळाची बाटली हलवली तर साका पांढरा, ताकासारखा. म्हणजे प्राणवायू जवळजवळ नाहीच. आणि ते पाणी बाटलीत घेतानाच सडक्या अंड्यांचा वास आला. इतकी वर्षं बघतोय, तरी तो पांढरा रंग बघून पोटात कालवतं.

आता नीट सांगतो. यातलं बरंचसं निसर्गाचंच आहे. अरबी समुद्रात दीडशे मीटरांखाली, थेट हजार मीटरांपर्यंत, प्राणवायू फारच थोडा असतो. पावसाळ्यात तसलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. वरून पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी पाच-दहा मीटरांचा हलका थर धरतं, पातेल्यावर ताटली ठेवावी तसं. वरची हवा खाली पोचत नाही. खालून आलेल्या नत्रामुळे वर शेवाळ माजतं, मरून तळाला जातं, कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतं. तो संपला की जिवाणू नायट्रेटवर जगतात, तेही संपलं की सल्फेटवर. मग तो वास.

इथे आपण येतो, संजू. पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया मेरेवरून व्हाळात, व्हाळातून गडनदीत, तिथून कालावलच्या खाडीत जातो. शहरांचं मैलापाणी वेगळंच. हे सगळं नत्र नेमकं त्याच दिवसांत, त्याच ताटलीखालच्या पाण्याच्या वाट्याला येतं. तू समुद्र अफाट म्हणतोस ते खरं, पण आपण टाकतो ते अफाट समुद्रात जाऊन विरत नाही. आधीच धाप लागलेल्याच्या छातीवर जाऊन बसतं.

२००० साली याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडलं की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा हा प्राणवायूच्या टंचाईचा पट्टा सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटरांचा आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा. त्यातून नायट्रस ऑक्साइड भरपूर निघतो, आणि वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशे पटींहून जास्त ऊब धरतो. हा पट्टा आणखी बिघडतोय तो खताच्या नत्रामुळे, असा त्यांचा अंदाज होता. त्यावर अजून वाद चालू आहे. पण त्या बाटल्या हाताळल्यावर मला वाद मिटेपर्यंत थांबवत नाही.

वर येणारं हे पाणी आंबटही असतं. त्यात धुराड्यांचा आणि गाड्यांचा कार्बन वरून विरघळतो तो निराळा. औद्योगिक युग सुरू झाल्यापासून समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.२ वरून ८.१ वर आला (तो जितका कमी, तितकं पाणी आंबट). आकडा क्षुल्लक वाटतो, पण आम्लता जवळपास तीस टक्क्यांनी वाढली. कालवं आणि तिसऱ्यांच्या पिल्लांना त्या पाण्यात कवच उभारायचं असतं. ओहोटीला आईबरोबर विळी घेऊन जायचो, आठवतं? आईची ओंजळ भरायची ती त्यांनीच.

मामा रापणीवर होते तेव्हा म्हणायचे, "खालचा पाणी कुसला हा." सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचे लेपे, कुर्ल्या जाळ्यात येईनाशा झाल्या की त्यांना कळायचं. उपकरण नाही, काही नाही. आम्ही बाटल्या घेऊन तेच सांगतोय.

तुझ्या भाताबद्दल एक मागणं आहे. युरिया वरून विस्कटून टाकू नकोस. भातलावणीच्या चारसूत्री पद्धतीत खताची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, चार रोपांच्या मध्ये चिखलात खोचतात, नत्र मुळाशीच राहतं, खतही कमी लागतं. येत्या लावणीला एका कुणग्यात तरी करून बघ. मजूर मिळाला नाही तर मी सुट्टी काढून येतो, दोघे मिळून खोचू.

आणि डिसेंबरात इकडे ये. तोवर प्रवाह उलटा फिरलेला असतो, पाणी पुन्हा घुसळून निघतं. तळाची बाटली तुझ्या हातात देतो. तूच हलव. तेव्हा साका तपकिरी आलेला असेल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
नंदू