मीठ टाकायला हवं होतं

प्रिय चिमणे,

चार महिने पत्र नाही म्हणून गाल फुगवून बसली असशील. फुगव, पण आधी हे वाच. तब्येत बरी आहे, थोडा खोकला आहे, मास्क बांधते.

शेडमधलं एक तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाहीये. मशरूम काढणीला माझा हात आता चांगला बसलाय. एकावर एक रॅक, त्यांत कंपोस्टचे बेड, 16 ते 18 अंशांचा गारवा आणि भिंतींना घाम. टोपी बोटांत धरून हलकेच पिळायची. ओढलं तर शेजारची बारकी पिल्लंही हलतात. मग देठ सुरीनं कापून डब्यात. जरा दाबलं की बोटाचा तपकिरी ठसा उठतो. आणि हे पीक चोवीस तासांत जवळजवळ दुप्पट होतं गं! तुला बरं नाही, घरी काही आहे, त्याला काय त्याचं? आज ठेवलं तर उद्या टोपी उघडते, भाव पडतो. आम्हाला पैसे किलोवर.

त्या दिवशी तिसरा तोडा चालला होता, पाळी संपायला वीस मिनिटं. खालच्या बेडच्या कोपऱ्यात नखाएवढा करडा कापूस दिसला. जाळी! कोळिष्टकासारखी बुरशी. ओला कागद अलगद पसरायचा, वर मीठ टाकायचं, सुपरवायझरबाईंना सांगायचं आणि आजूबाजूला हात लावायचा नाही, हे मीच नव्या पोरींना शिकवते. पण सांगितलं असतं तर तो पट्टा सोडावा लागला असता, आणि माझे सात किलो कमी होते. मी ट्रॉली पुढे ढकलली. नंतर त्यावर पाणी मारलं गेलं. पाणी पडलं की तिचे बीजाणू धुरासारखे उडतात. पाचव्या दिवशी शेजारचा रॅकही गेला. खोली लवकर रिकामी करून बुरशी मारायला वाफेवर घेतली.

बोल बसला नव्या पोरीला, कारण माझ्यानंतर तो पट्टा तिच्याकडे होता. "मावशी, मला खरंच दिसलं नाही हो," म्हणाली. आणि मी तिला काय म्हणाले असेन? "असू दे." असू दे म्हणाले गं मी!

वसतिगृहातली ती काच आठवते ना? मी फोडली, दुसरीला शिक्षा होणार होती आणि तू जाऊन माझं नाव सांगितलंस. मी अख्खं सत्र तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या लग्नातसुद्धा मनात तीच अढी होती. तू म्हणाली होतीस, "ती तुझ्या वाटचं रडतेय." चार रात्री तेच वाक्य ऐकतेय. तू बरोबर होतीस. (तुझी वेणी खाटेला मीच बांधली होती, तेही आजच लिहून टाकते. बोल किती लावायचा तो लाव.)

नवी नोकरी जमली का? सासूबाईंचा डोळा उघडला? धाकट्याला सांग, पांढरं बटण, तपकिरी आणि तळहाताएवढं पोर्टोबेलो ही सगळी एकाच जातीची भावंडं. पोर्टोबेलो म्हणजे तपकिरीच, उशिरा तोडलेलं. तो मागे विचारत होता.

उद्या पहाटेची पाळी आहे. बाईंना आणि त्या पोरीला एकत्र थांबवून सांगणार आहे, कपडे बदलायच्या आधीच. एकदा बेडवर चढले की पुन्हा किलोच दिसतील. काम गेलं तर थेट तुझ्याकडे येईन. खिडकीजवळची गादी माझी.

तुझीच,
साळुंकी